पन्नास रोपं आणि एक मोह

आमच्या गावात झाड लावायला जागा नव्हती. कारण सोपं होतं, सगळीकडे झाडंच होती. गडचिरोलीहून पहाटे बैलगाडीनं निघालं की दिवस मावळता मावळता कोसंबटोल्याला पोचता येई, आणि तेवढ्या वाटेत डोक्यावर ऊन म्हणून फारसं लागत नसे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, चारोळी. आमच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की चौथ्या पावलाला जंगल सुरू होई, आणि पाचवं पाऊल टाकायला आईची परवानगी लागे. अशा गावी एक दिवस चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, माझ्या वडिलांच्या नावानं परिपत्रक आलं. खेड्यापाड्यांतल्या मुलांना झाडांचं महत्त्व समजत नाही, तरी ते त्यांना समजावून द्यावं, वनमहोत्सव साजरा करावा आणि शाळेच्या आवारातल्या मोकळ्या जागेत पन्नास रोपं लावावीत, असा त्याचा मजकूर होता.

बाबा त्या गावचे एकुलते एक गुरुजी. चार इयत्ता, एक खोली, एक फळा, आणि गावातल्या गोंडांची नि इतर घरांची मिळून बत्तीस पोरं. बाबांच्या हातून कधी कुणाचं वाईट व्हावं असा त्यांचा स्वभाव नव्हता, पण चांद्याहून आलेल्या कागदावर त्यांची जी श्रद्धा होती, ती त्यांनी देवावरही कधी दाखवली नाही. आजोळचं पत्र ते खाटेवर पडून वाचत. परिपत्रक मात्र उभं राहून, टोपी घालून, दोनदा वाचत. मग ते भिंतीच्या खिळ्याला टोचलं जाई, आणि तिथून पुढं घरात त्या कागदाचं राज्य सुरू होई. स्वच्छतेचं परिपत्रक आलं त्या महिन्यात आम्ही ताटात हात घालण्याआधी नखं दाखवत होतो.

आई नागपूरची. तिची जीभ तिखट, आणि माझ्यात जे काही आहे ते तिच्याकडूनच आलं. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून वास्त्यांची भाजी करत होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे, मग टोळीच्या तेलात, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलात, मिरची टाकून परतायचे. लग्न होऊन या भागात आली तेव्हा त्या तेलाच्या वासानं तिला मळमळत असे, आणि पुढं शहरात राहायला गेल्यावर गोड्या तेलातल्या भाज्या तिला आजाऱ्याच्या जेवणासारख्या वाटू लागल्या. बाबांनी परिपत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं झाकणी काढली, भाजी हलवली, झाकणी परत ठेवली.

"जंगलात झाडं लावून राह्यले," ती म्हणाली. "उद्या वैनगंगेत पाणी टाकायले सांगतीन. तेबी कराल काय?"

"तुले समजत नाई," बाबा म्हणाले. "हे देशाचं काम हाय."

"देशाचं असंन. पण देशाले सांगा, आधी येऊन पाहून जा म्हणा."

देश पाहायला आला नाही. देशाच्या वतीनं नाकेदार आला. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. आमच्याकडे त्याची सायकल दिसली की बायका वळचणीचं सरपण आत ओढत आणि पुरुषांना एकाएकी दुसऱ्या गावचं काम आठवे. कुणी कुडाला चार बांबू आणले, नांगराला एक लाकूड तोडलं, की नाकेदार केस करी. केस म्हणजे काय ते गावात कुणीच पूर्ण पाहिलं नव्हतं, कारण ती बहुधा एका कोंबडीवर मिटे. कोंबड्यांची पिढी वाढू न देण्याचं काम त्या माणसानं निष्ठेनं केलं. आता हाच माणूस बाबांसोबत शाळेच्या आवारात उभा राहून झाडांच्या रक्षणाची आखणी करू लागला.

आवार म्हणजे शाळेपुढची थोडी सपाट जमीन. तिच्या मधोमध एक मोहाचं झाड होतं. दोन माणसांच्या कवेत न मावणारं. परिपत्रकासोबत एक आकृती होती: पाच रांगा, प्रत्येकीत दहा रोपं, दोन रोपांमध्ये आठ फूट, वरून पूर्ण ऊन. बाबांनी सुंभाची दोरी घेतली, फुटांच्या गाठी मारल्या, आणि मला एक टोक धरायला लावलं. दोरी तिसऱ्या रांगेत मोहाला अडली, आणि उरलेल्या चारही रांगांच्या डोक्यावर त्याची सावली पडली. बाबांनी तीनदा मोजलं. झाड काही हललं नाही. दुसरीकडे कुठं रोपं लावावीत, तर तिथं जंगल, आणि जंगल ही मोकळी जागा नव्हे. परिपत्रकात मोकळी जागा लिहिली होती.

"याले काढा लागीन," नाकेदार म्हणाला. "वनमहोत्सवासाठी हाय नं? परवानगी मी आणून देतो."

या मोहाबद्दल मला जे ठाऊक होतं ते आता सांगायला हवं. आमच्या भागात मोहाचं झाड कुणाचं नसतं असं होत नाही. शेताचा सातबारा असतो, झाडाचा नसतो, पण हा मोह कुणाच्या घरचा हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. फुलं पडायच्या आधी ज्या घरानं झाडाखालचा पाला झाडून जाळायचा आणि जमीन लख्ख करायची, त्या घरचं ते झाड. आजोबाच्या आजोबापासून तेच घर ते करत आलेलं असतं. दुसरं कुणी त्या गोल जागेत टोपलं घेऊन पाय ठेवत नाही. शाळेपुढचा मोह मैनीच्या घरचा होता. मैनी मडावी, माझ्याच चौथीत, माझ्याच तरटावर बसणारी. तिचा बाप चैतूभाऊ आणि आई रुपीबाई चैत्रात अंधार फिकट व्हायच्या आत तिथं येत. आदल्या चैत्रात मी मैनीबरोबर दोनचारदा गेले होते. फुलं अंगावर पडत, पिवळट, रसानं फुगलेली, आणि सगळीकडे एक गोड, जरासा आंबूस वास. आम्ही वेचता वेचता खात होतो आणि रुपीबाई आम्हाला खाता खाता वेचतही जा म्हणत होती. ती फुलं वाळवून त्यांच्या घरी कोठीत भरत. त्यांची भाकर होई, ती शिजवून खात, व्यापाऱ्याला देऊन मीठ नि कापड घेत. पुढं बियांचं तेल निघे. आणखीही एक वस्तू त्या फुलांची होई, तिच्याबद्दल सरकारपुढं कुणी बोलत नसे. धान संपल्यापासून नवं धान येईपर्यंत त्या घराचं पोट बरंचसं त्या एका झाडावर होतं.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला त्या गावात दीडच वर्ष झालं होतं, आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बाबा शाळेत पोचत तोवर फुलं वेचून झालेली असत. झाडाखालची लख्ख झाडलेली जागा त्यांनी पाहिली होती, आणि स्वच्छतेच्या परिपत्रकाचा पोरांवर किती चांगला परिणाम झाला असं वरती कळवलंही होतं. आईचा तर जंगल म्हणजे जंगल एवढाच हिशेब. रुपीबाई तिला टोळीचं तेल आणून देई, पण ते कुठल्या झाडाचं हे विचारण्याचं तिला कधी सुचलं नाही.

पण बाबा नियमाचे पक्के होते. परिपत्रकात म्हटलं होतं की जागेवर कुणाचा हक्क नसल्याची खात्री करून घ्यावी. म्हणून त्यांनी गावाला शाळेपुढं बोलावलं. पाटील आला, बाप्ये आले, बाया मागं उभ्या राहिल्या, आम्ही पोरं ओट्यावर. मोहाखाली एका खुर्चीवर बाबा आणि दुसऱ्या खुर्चीवर नाकेदार, त्याच्या मांडीवर केस लिहायची वही.

"या झाडावर कोणाचा हक्क आहे काय?" बाबांनी विचारलं. गावापुढं ते नेहमी पुस्तकी बोलत. "असेल तर आत्ताच सांगावं. नंतर तक्रार चालणार नाही."

कुणी बोललं नाही. चैतूभाऊ पुढच्याच ओळीत उकिडवा बसला होता. त्यानं जमिनीवरची एक काडी उचलली आणि तिचे बारीक बारीक तुकडे केले. रुपीबाईनं पदर तोंडात धरला. मैनी माझ्या शेजारी बसली होती, तिचा दंड माझ्या दंडाला लागला होता. बाबांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. माझ्या वडिलांनी अन्याय केला तो असा, तीन वेळा विचारून, रीतसर.

मी बोलू शकले असते. एवढंच म्हणायचं होतं, बाबा, हे मैनीच्या घरचं झाड आहे. मोठी माणसं गप्प आहेत तर मी कशी बोलू, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. वनमहोत्सवाला चांद्याहून साहेब जीपमधून येणार होते, झाड काढलं की त्या जागी मंडप पडणार होता, आणि त्या मंडपात चौथीच्या वर्गातर्फे मी भाषण करणार होते. बाबांनी लिहून दिलेलं भाषण मला निम्मं पाठ झालं होतं. झाड राहिलं असतं तर मंडप नाही, साहेब नाहीत, मी नाही. दहा वर्षांच्या पोरीला एवढा विचार पुरतो. मी माझा दंड बाजूला घेतला.

"कोणाचाही हक्क नाही," बाबांनी लिहून घेतलं, आणि पाटलाचा अंगठा उमटवला.

तोडायला मात्र गावातला एक माणूस पुढं आला नाही. "मोह नाई तोडत आमी," पाटील म्हणाला, आणि त्याहून जास्त काही बोलेना. मोहाची फांदी यांच्या लग्नात लागते, देवाला लागते, हे बाबांना कुठूनतरी कळलेलं होतं, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथं अंधश्रद्धेवर अर्धा तास व्याख्यान दिलं. झाडात देव नसतो, झाड ही देशाची संपत्ती असते, म्हणून ते तोडायला भिऊ नये, असा त्याचा सूर होता. गावानं ते शांतपणे ऐकलं. ऐकून घेण्यात आमचं गाव फार तयार होतं.

शेवटी नाकेदारानं लाकूडतोडीच्या कामावरचे दोन परमुलखी मजूर आणले. दोन दिवस कुऱ्हाडी चालल्या. त्याच दोन दिवसांत बाबांनी माझ्याकडून भाषण घोटवून घेतलं. मी शाळेच्या ओट्यावर उभी, बाबा वीस पावलांवर, मध्ये ते मजूर. "वृक्ष हे आपले मित्र आहेत. वृक्ष तोडणे म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारणे होय." त्या वेळी खरी कुऱ्हाड मोहावर पडे आणि माझं वाक्य त्यात बुडून जाई.

"मोठ्यानं बोल," बाबा हात कानाला लावून म्हणत. "ऐकू येऊन नाई राह्यलं."

मी मोठ्यानं बोले. कुणाला यातली गंमत कळली नाही. मला तर मुळीच नाही, मी हातवारे कुठं करायचे त्या काळजीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी झाड पडलं तेव्हा शाळेची कौलं हादरली आणि आवार एकदम इतकं उजेडाचं झालं की आम्ही सगळे डोळे बारीक करून बघत राहिलो. मैनी तेव्हा तिथं नव्हती. दोन दिवस ती शाळेत आलीच नाही.

रोपं चांद्याहून बैलगाडीतून आली. गुलमोहर होते, निलगिरी होती, आणि दहा रोपं सागाची होती. सागाच्या जंगलात, चार दिवस गाडीतून हाडं खिळखिळी करून, सागाची रोपं. साहेब आले. त्यांनी रुमालानं मान पुसली, आवाराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बघा, किती उघडंबोडकं होतं हे. पाच वर्षांत इथं सावली होईल." गुरुजींचं त्यांनी कौतुक केलं. माझं भाषण झालं, अडखळले नाही, टाळ्या झाल्या. साहेबांनी मला कंपासपेटी बक्षीस दिली. चौथीत तिचा काही उपयोग नव्हता आणि चौथीनंतर त्या गावात शाळा नव्हती. मग एकेका पोराच्या हातात एकेक रोप दिलं आणि रोपापुढं पोराच्या नावाची पाटी रोवली; उरलेल्या अठरा रोपांपुढं नुसत्या आकड्यांच्या पाट्या. मैनी त्या दिवशी आली होती. तिच्या वाट्याला गुलमोहर आला.

"याले खाता येते काय?" तिनं बाबांना विचारलं.

"नाही. हे शोभेचं झाड आहे."

"मंग तेल?"

"तेल नाही. फुलं येतात. लाल."

"फुलं खाता येतात?"

"मैनी," बाबा म्हणाले, "झाडाकडे फक्त पोटाच्या दृष्टीनं पाहू नये."

हे वाक्य मी पुढं स्वतः शिक्षिका झाल्यावर फार जणांच्या तोंडून ऐकलं. बोलणारे सगळे चांगले जेवून आलेले असत. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तर पर्यावरण हा विषयच झाला, त्याला गुण होते, आणि आमच्या पोरांना प्लास्टिकच्या बाटलीत मनीप्लांट लावायचा प्रकल्प असे. मी पोरांना शाळेबाहेर नेऊन हे झाड कुणाचं, याच्यावर कोण जगतं, एवढंच विचारत असे. त्याबद्दल मला एकदा समज मिळाली, की अभ्यासक्रमात नसलेलं शिकवू नये. असो.

रोपांचं व्हायचं ते झालं. कुंपण नव्हतं, बकऱ्या होत्या. बकऱ्यांना परिपत्रक आलेलं नव्हतं. निलगिरी वाळवीनं खाल्ली. हिवाळा संपेस्तोवर आवारात पन्नास पाट्या नीट पाच रांगांत उभ्या होत्या, आणि रोपं तीन. दुपारच्या सुटीत आम्ही आधी मोहाखाली बसत असू, आता भिंतीला चिकटून बसू लागलो. मैनी माझ्या तरटावर बसे, मला पाटी पुसायला पाणी देई, विचारलं तर बोले. पण तिच्या घरी गेले की पूर्वी रुपीबाई चटई सरकवून "बस" म्हणायची, ते बंद झालं. कुणी रागावलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. मी दारात उभी राही, आणि थोड्या वेळानं आपली परत येई. तरी मी जात राही.

चैत्र आला. मोहाची फुलं पडू लागली, म्हणजे ज्यांची झाडं होती त्यांच्याकडे. मैनीच्या मामाच्या गावी एका नातलगानं आपल्या झाडातला अर्धा वाटा यांना दिला होता, तिथं जायला अडीच कोस. मैनी शाळेत यायची थांबली. तोंडी परीक्षेला तेवढी ती कुठूनशी आली, पाय धुळीनं भरलेले, हाताला फुलांचा वास. बाबांनी पुस्तकातला प्रश्न विचारला.

"झाडाचे तीन उपयोग सांग."

अपेक्षित उत्तर सावली, फळे, लाकूड असं होतं. जिला साठ झाडांची पानं डोळे मिटून वासानं ओळखता येत, तिला तीन उपयोग येईनात, म्हणून बाबांनी चुचकारलं.

"हे बघ, आपल्या शाळेपुढं मोठं झाड होतं ना, त्याचा काय उपयोग होता?"

"ते आमच्या घरचं होतं, गुरुजी," मैनी म्हणाली. "त्याचाच भात होता आमाले."

बाबांची पेन्सिल थांबली. "तुमच्या घरचं?"

"हो जी."

"मग मी तीनदा विचारलं तेव्हा कोणी का सांगितलं नाही?"

मैनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मग तक्रार म्हणून नव्हे, साक्ष म्हणून म्हणाली, "सुमीलेबी मालूम होतं."

सुमी म्हणजे मी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, त्यात त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी मैनीला पूर्ण गुण दिले. त्या दिवशी घरी ते जेवायला बसले आणि आईनं वाढलेल्या भाजीकडे पाहून उठले. "तेल कशाचं हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. आईनं सगळी हकीकत माझ्याकडून काढून घेतली. ती मला मारील असं वाटलं होतं. तिनं मारलं नाही, आणि तिखट बोललीही नाही. ती नुसती बघत राहिली, ते मला जास्त लागलं.

वर्षाअखेरीस वनमहोत्सवाचा अहवाल पाठवायचा होता. छापील तक्ता आला होता: लावलेली रोपे, जगलेली रोपे, मेलेली रोपे व कारणे. शेजारच्या गावांचे गुरुजी पन्नासपैकी पन्नास लिहीत. बाबांचं अक्षर किरटं, म्हणून पक्की प्रत नेहमी मी लिही. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. लावलेली, पन्नास. जगलेली, तीन. मेलेली, सत्तेचाळीस. मग बाबांनी पट्टी घेतली आणि तक्त्याच्या कडेला स्वतः एक उभी रेघ मारली. छापील सरकारी कागदावर त्यांनी आपल्या हातानं रेघ मारलेली मी आयुष्यात तेवढी एकदा पाहिली.

"लिही," ते म्हणाले. "तोडलेली झाडे. एक. मोह."

मी लिहिलं. आणि त्यांनी न सांगता पुढं लिहिलं: मैनी चैतू मडावी हिच्या घरचे. बाबांनी वाचलं. मग सही केली आणि तक्ता डाकेच्या पिशवीत गेला.

मी धावत मैनीच्या घरी गेले. ती त्या दिवशी घरी होती, आईबरोबर फुलं उन्हात पसरत होती. मला इतकं हलकं वाटत होतं की मी दारातूनच सांगितलं, तुमचं झाड होतं असं मी सरकारी कागदावर लिहिलं आहे, मैनीच्या नावानिशी, बाबांनी सही केली आहे, कागद चांद्याला गेला.

रुपीबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

"नाव काऊन लिवलं?" ती म्हणाली.

"तुमचं झाड होतं म्हणून."

"अवो बाई, झाड सरकारचं असते. आपलं म्हटलं का नाकेदार केस लिवते. त्या दिवशी त्याच्यापुढं कोण म्हणंन, माहा मोह हाय म्हणून?" तिचा आवाज चढला नाही, तो बारीक झाला. "दारूबी काहाडता म्हणंन. बापाले घेऊन जातीन इच्या. तू खोड ते. जाऊन खोड."

तेव्हा मला त्या दिवशीचं गाव समजलं. नाकेदाराच्या मांडीवरची ती वही, चैतूभाऊच्या हातातली काडी, सगळं समजलं. तिथं मी बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसले होते, आणि इथं गप्प बसायला हवं होतं तेव्हा वळणदार अक्षरात लिहून आले होते. मी घरी पळत आले. बाबांनी ऐकून घेतलं. टोपी घातली आणि डाकेमागं चालत निघाले, पुढच्या मुक्कामापर्यंत गेले, पण पिशवी तिथून गडचिरोलीकडे निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ते सुजलेल्या पायांनी परत आले.

मग तीन आठवडे. चैतूभाऊ सासुरवाडीला निघून गेला. त्यांच्या घरातली कुऱ्हाड, बांबू, मडकी, फुलांची अर्धी कोठी रात्रीतून कुठं गेली कुणी विचारलं नाही. मी सकाळपासून रस्त्याकडे कान लावून बसे, सायकलची घंटा वाजली की दाराआड होई. नाकेदार एकदा आला, पाटलाच्या ओट्यावर बसला, कोंबडी घेऊन गेला. आपण कुणाचं घर दोनदा बुडवलं, एकदा न बोलून आणि एकदा बोलून, हे मला त्या वयात पूर्ण कळत होतं. मी रडून आईला विचारलं, आता काय होईल. ती म्हणाली, "मले नाई माहीत, पोरी." आईला माहीत नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं.

तीन आठवड्यांनी तक्ता परत आला. बाबांनी वाढवलेल्या रकान्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ होती, मैनीच्या नावावरून थेट गेलेली, आणि समासात शेरा होता: अनावश्यक माहिती. तक्त्यात नसलेला रकाना वाढवू नये. गुरुजींना सक्त ताकीद. नवी प्रत पाठवावी. चांद्याच्या कचेरीत कुणालाही ते झाड कुणाचं होतं हे जाणून घ्यायची इच्छा नव्हती. सरकारच्या बेपर्वाईचे मी पुढं पुष्कळ अनुभव घेतले, पण इतकी कृतज्ञ मी तिच्याबद्दल पुन्हा कधी झाले नाही. बाबांनी आयुष्यातली पहिली ताकीद उभं राहून, टोपी घालून, दोनदा वाचली. मग तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पळ."

मैनी दारात होती. मी कागद तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला आणि बोट ठेवत, एकेक अक्षर जोडत वाचला. चौथी पास झालेलं त्या घरातलं ते पहिलं माणूस. आपल्या नावापाशी ती थांबली, तांबड्या रेघेवरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"काय लिवलं?" आतून रुपीबाईनं विचारलं.

"आपलं नाव खोडलं, माय," मैनी म्हणाली. "आपलं झाड नोयतं म्हणते."

रुपीबाई बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागद हातात घेऊन ती रेघ नीट पाहिली. मग तिनं तोंडावर पदर धरला, आणि ती हसते आहे की रडते आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कागद तिनं मला परत दिला, कोपऱ्यातली चटई पायानं माझ्याकडे सरकवली, आणि म्हणाली, "बस."